आव्वाच्या शिव्यांचं पेज

सोलापूरच्या बाळीवेशीत त्या उन्हाळ्यात एकच कुजबुज होती. जगदेवी सासूला उपाशी ठेवते. लाखभर लोक जिला रोज मोबाईलवर बघतात ती पार्वतम्मा दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, आणि सून आत बसून कडक भाकरीची पाकिटं भरते. बायका हे एकमेकींना सांगताना आवाज खाली घ्यायच्या आणि मान मात्र वर करून जगदेवीच्या खिडकीकडे बघायच्या. तिला कळावं, पण ऐकू आलं असं तिला म्हणता येऊ नये, एवढी काळजी घेऊन.

जगदेवी अक्कलकोटकडून लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्यांचं कडक भाकरीचं दुकान चालतं होतं. ते गेले आणि दुकान नवऱ्याच्या हातात आलं. मल्लिकार्जुनचं कसं होतं, त्यानं जे जे हातात घेतलं त्याचा फायदा शेजाऱ्याला झाला. गावभर मोबाईल झाले तेव्हा यानं इंटरनेटचं दुकान टाकलं. नंतर विमा विकायला निघाला, तर पहिला विमा स्वतःच्याच मेव्हण्याला विकला आणि आजही त्या घरात त्याला चहा विचारत नाहीत. भाकरीचं दुकान तेवढं बुडायचं राहिलं होतं, कारण पहाटे उठून भाकरी थापायची ती जगदेवी. कागदासारखी पातळ, मंद आचेवर वाळवून कडकडीत. त्यावर सासूचं मत ठरलेलं होतं. ही भाकरी न्हाय, म्हशीच्या पायाला बांधायचं पोटीस हाय. हे मत पार्वतम्मा आल्यागेल्याला ऐकवायची, आणि पाहुणा नसला तर भिंतीला.

मग मल्लिकार्जुननं जुळे सोलापुरात उत्कर्षा नावाच्या मुलीकडे सोशल मीडियाचा क्लास लावला. तिनं शिकवलं, रोज टाका, ठरल्या वेळेला टाका, आणि पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. हा काळा गॉगल लावून भाकरी मोडून दाखवू लागला. माणसं थांबली नाहीत. लाइक यायचे ते घरातल्यांचे, आणि घरातल्यांतही जगदेवीचा एकच यायचा.

एके सकाळी तो असाच भाकरी कानाशी धरून मोडत होता आणि मागून पार्वतम्मा आली. कोणाशी बोलतोस, म्हणाली. फॉलोअरशी म्हटल्यावर तिनं त्याची अशी काही पूजा बांधली की काय सांगावं. तुझ्या बापानं तवा तापवला, तू नुसतं तोंड तापवतूस. वर कानडीत, निन्न बायाग मण्ण बीळली, म्हणजे तुझ्या तोंडात माती पडो. मल्लिकार्जुननं ते तसंच टाकलं. माणसं थांबली. नुसती थांबली नाहीत, त्यांनी भावाला, मेव्हणीला, ऑफिसातल्या साहेबाला पाठवलं. घरात पार्वतम्माला सगळे आव्वा म्हणायचे, तर आठवड्यात पेजचं नाव बदललं, 'आव्वाच्या शिव्या, आव्वाची भाकरी'. पुण्याहून ऑर्डरी आल्या, पाकिटावर एक शिवी लिहून पाठवा म्हणून. गाड्या करून माणसं दारात उभी राहू लागली, शिवी खाऊन हसत हसत फोटो काढू लागली. भाकरी जगदेवीची, नाव आव्वाचं. पण नवरा पहिल्यांदाच घराला फायद्याचं काही करत होता, तेव्हा जगदेवी गप्प होती.

घात जगदेवीनंच केला. एकदा सासू पुन्हा पोटीस म्हणाली, तेव्हा तिनं मोबाईल उघडून तिच्यासमोर धरला. बघा आव्वा, तुमचं तोंड सगळं जग बघतंय. पार्वतम्मा कितीतरी वेळ त्या चौकटीत बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं भस्माची तीन बोटं ठसठशीत ओढली, डोक्यावर पदर घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणू लागली, बाळांनो, सुखी राहा.

आशीर्वाद कोणाला हवे होते? लोक सटासट पुढे सरकू लागले. एंगेजमेंट पडतंय, उत्कर्षा म्हणाली, आजींचा राग खरा वाटला पाहिजे.

आठच दिवसांत राग परत आला, आणि असा खरा, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पार्वतम्मा सकाळी अंघोळ करून यायची, कोनाडा चाचपायची, डबे उपडे करायची, गाद्या उलथायची आणि दिसेल त्याच्या सात पिढ्या काढायची. लोकांना वाटायचं, म्हातारी लाटणं शोधते. तिच्या शिव्यांवर कोणीतरी ढोलकी लावली. लग्नाच्या वरातीत पोरं त्यावर नाचली.

जगदेवीला तिसऱ्या दिवशी कळलं. धुण्यासाठी नवऱ्याचा सदरा घेतला तर खिशात सासूचं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट. ते पार्वतम्मा अंघोळीपुरतं गळ्यातून काढून कोनाड्यात ठेवायची. डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय तिनं जन्मात तोंडात घास घातला नव्हता. व्हिडिओ होईपर्यंत ते खिशात राहायचं. कधी दुकानात गर्दी असली की मल्लिकार्जुन परत ठेवायचं विसरायचा, आणि तिन्हीसांजेला ते पिठाच्या डब्यामागे सापडायचं.

जगदेवी सदरा हातात घेऊन उभी राहिली. मग तिला पोटीस आठवलं, इतक्या वर्षांचं, आल्यागेल्यासमोरचं. ती किंचित हसली. डबी खिशात परत टाकली आणि दुसरा सदरा धुवायला घेतला.

त्यानंतर ती कुजबुज उठली. आधी एका व्हिडिओखाली कमेंट आली, सून म्हातारीला उपाशी ठेवते वाटतं, बघा कशी वाळलीय. तिच्याखाली शेकडो आल्या. कोणी जगदेवीला फासावर द्यायला निघालं, कोणी तिच्या माहेराचा उद्धार केला. शेजारची सिद्धेश्वरी हळदीकुंकवाला बोलवायची थांबली. जगदेवीच्या लेकीला सोयरीक आली होती मंगळवेढ्याहून, ती माणसं एकाएकी मुहूर्त नाही म्हणाली. तेव्हा जगदेवी नवऱ्याला म्हणाली, माझं नाव तेवढं धुऊन द्या, दुसरं काही मागत न्हाय.

"देतो की," मल्लिकार्जुन म्हणाला. "लाइव्ह करू. जगासमोर ताट वाढ, जगासमोर आव्वा खाईल."

लाइव्हला भाकरी, शेंगाचटणी, दही, सगळं मांडलं. मल्लिकार्जुन फोन धरून समोर. बघणारे हजारांनी वाढत होते. जगदेवीनं घास पुढे केला. पार्वतम्मानं तोंड फिरवलं.

"खावा आव्वा."

"माझं लिंग कुटं हाय?"

जगदेवीची नजर नवऱ्याच्या खिशाकडे गेली. कापड चौकोनी फुगलं होतं. एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दासरशी दुकान बसलं असतं, आणि न धुतलेल्या सदऱ्याचा हिशोबही तिलाच द्यावा लागला असता. तिनं घास पुन्हा पुढे केला.

"मला काय म्हाईत? खावा."

म्हातारीनं तिच्याकडे निरखून बघितलं. या वेळी शिवी दिली नाही.

"हिनंच नेलंय," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "बाळांनो, हिनंच. माझा देव नेला आणि मला जेव म्हणती."

तो व्हिडिओ पेजवर सगळ्यात जास्त चालला. दुसऱ्या दिवशी पार्वतम्माची लेक धनलक्ष्मी रिक्षा घेऊन आली, आईला उचलून घेऊन गेली आणि जाताना दारात थुंकली. मंगळवेढ्याच्या मंडळींनी मग मुहूर्ताचं कारणही दिलं नाही. मल्लिकार्जुननं दोन लाख फॉलोअरचा केक कापला, आणि पहिला तुकडा जगदेवीला भरवतानाचा फोटो टाकला. त्याखाली काय काय लिहून आलं ते तिनं एकटीनं बसून, शेवटपर्यंत वाचलं.

खरं एवढंच होतं. जगदेवीनं सासूला एक दिवसही उपाशी ठेवलं नव्हतं. ताट रोज सकाळी वाढलेलं असायचं. पूजेवाचून म्हातारी जेवत नव्हती आणि लिंग मल्लिकार्जुनच्या खिशात असायचं. सून उपाशी ठेवते, ही पहिली कमेंटही त्यानंच लिहिली होती, एका बाईच्या नावानं खातं उघडून. त्या आठवड्यात कमेंटी कमी आल्या होत्या.