वाघ्याचं भांडं

आमचा कुत्रा वाघ्या जन्माचाच हावरट, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही.

दिंडोरी रस्त्यावरची एक कुंभारीण कुत्र्यांनी सावकाश खावं म्हणून आतून उंचवटे असलेली मातीची भांडी घडवते. आधी ती कुत्र्याला जेवताना बघते. मी वाघ्याला तिच्याकडे नेलं, तेव्हा त्याने तिच्यासमोर दूध-भाकरी क्षणात गिळली. "हावरट आहे," मी म्हणालो.

ओल्या मातीत अंगठा दाबत ती म्हणाली, "हावरट नाय हो बाबा. खाताना तुमच्या हाताकडं बघतोय. पुढ्यातलं उचलून घेता काय याच्या?"

तो पिल्लू होता तेव्हा, शिस्त लागावी म्हणून, घरात कुणी नसलं की मी त्याचं भांडं मध्येच उचलायचो.

आता नवं भांडं ठेवून मी खोलीबाहेर जातो. वाघ्या तरीही आधी दाराकडे बघतो, मगच खातो.