योगदानाच्या रकान्यात

"तू लॅपटॉपपाशी बस. बोलायचं ते सायली बोलेल," कंपनीचे साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी बसले. बटण दाबत राहिले. पडद्यावर मी काढलेली ड्रॉइंग्ज येत होती आणि सायली फाडफाड इंग्रजीत सांगत होती, हे आम्ही कसं डिझाइन केलं.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. लेखी परीक्षेऐवजी कंपनीतला एखादा खरा प्रश्न सोडवायचा, मार्क कॉलेज आणि कंपनी मिळून देणार. ग्रुपमध्ये आम्ही दोघीच. सायली सदाशिव पेठेतली, तिचे वडील आणि साहेब जुने मित्र. मी शहराबाहेरच्या वाघोलीची, वडील लेथवर कामाला.

कंपनीत ड्रिलिंग करताना पार्ट निसटायचा, ड्रिलवरच्या बायकांची बोटं सोलली जायची. तीन आठवडे मी त्या बायकांशेजारी उभी राहिले. पकड कुठे ढिली पडते ते शोधलं, हात तेलानं काळे करून नवा क्लॅम्प बनवला. सायली दोनदा आली. दोन्ही वेळा साहेबांच्या केबिनमध्ये कॉफी पिऊन गेली.

खोटं कशाला बोलू, मी जळायचे तिच्यावर. तिच्या इंग्रजीवर. साहेबांना सहज 'काका' म्हणण्यावर. चुकली तरी न घाबरण्यावर. आरशासमोर तिच्यासारखं बोलून बघायचे आणि मग स्वतःचीच चीड यायची.

सादरीकरण संपलं. कॉलेजच्या सरांनी योगदानाचा तक्ता पुढे केला. सायलीनं भरलेला. तिच्या नावापुढे संकल्पना, डिझाइन, सादरीकरण. माझ्या नावापुढे, 'इतर मदत'.

"सही कर ना," ती म्हणाली. "मार्क काय, दोघींनाही मिळणारेत."

मी पेन खाली ठेवलं. "सर, मी सही करणार नाही. आम्हा दोघींना मशीनपाशी नेऊन विचारा."

साहेब हसले. "अगं, दोन शब्द तर आहेत."

"मग ते तुमच्या नावापुढे लिहा."

सर उठले.

मशीनपाशी मी मराठीत सगळं सांगितलं. सायलीला क्लॅम्प सोडवताही येईना. ड्रिलवरच्या मावशी म्हणाल्या, "हिनंच केलंय सायेब. आमच्या म्होरं केलंय."

तक्ता बदलला. तरी मार्क तिलाच जास्त पडले. शेरा होता, उत्तम संवादकौशल्य.

हेवा अजून गेलेला नाही. मी तो घालवणारही नाही. फक्त आता मला सायली व्हायचं नाही. माझा डोळा साहेबांच्या खुर्चीवर आहे. मार्क देणाऱ्यांत मी बसणार. समोर येईल त्या पोरीला आधी सांगणार, हात कुणाचे काळे झाले ते दाखव.