भिंगापुढचा तळहात

बोलता बोलता ते मध्येच हात लांब करायचे आणि सूर्याखाली बोटं आडवी धरायचे. "चार बोटं ऊन हाय," म्हणायचे. समोरच्या माणसाचं वाक्य अर्धंच राहायचं, कारण तोवर ते निघून गेलेले असायचे. एका बोटाला पाव तास, असा त्यांचा हिशेब. दिवे लावून कॅमेऱ्यानं चित्रं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सगळं काम उन्हात.

आमच्या गल्लीत त्यांना पडदेवाले अण्णा म्हणत. आधी ते नाटक मंडळीचे पडदे रंगवायचे. मग पुण्याकडे गेले, एका सिनेमा कंपनीत सहा वर्षं नटांच्या तोंडावर ऊन पाडायला आरसे धरले, आणि हातानं फिरवायचा एक जुना कॅमेरा घेऊन परत आले. बसवकल्याणला तेव्हा नुसतं कल्याणी म्हणत. राज्य निजामाचं होतं.

परवा त्यांच्यावर माहितीपट काढणारी माणसं माझ्याकडे आली. अण्णांनी एकूण किती चित्रपट काढले, असं विचारलं. एक, म्हटलं. त्यांची तोंडं उतरली. तो एक कसा काढला ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते.

कॅमेऱ्यात घालायची फीत फार महाग. शिवाय कॅमेरा दिसला की आमच्याकडची माणसं फोटोला बसल्यासारखी ताठ व्हायची, टोपी सारखी करायची, श्वास धरून उभी राहायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यावर अण्णांनी उपाय काढला होता. फीत न घालताच ते दहा-दहा वेळा कॅमेऱ्याचा दांडा फिरवत बसायचे. माणूस कंटाळला, नाक खाजवायला लागला, बैलाला शिवी घालायला लागला, की गुपचूप फीत घालायचे. कधी घातली ते कुणालाच कळायचं नाही.

पटाची गोष्ट एका नव्या सुनेची होती. बाई कोण काम करणार? बाजारातला एक शिंपी लुगडं नेसून सून झाला. चेहरा नाजूक होता त्याचा, पण जात्यावर बसवल्यावर हात दिसले. जाड, केसाळ. दळायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मग अण्णा आमच्या घरी आले. माझ्या सासूबाईंना ते अक्का म्हणायचे.

"अक्का, तुमच्या सुनेचे हात पाहिजेत. दळताना. तोंड न्हाई दिसायचं."

"माझे कामून न्हाई?"

"गोष्ट नव्या सुनेची हाय, अक्का."

सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हो म्हणाल्या, पण सासऱ्यांना कळता कामा नये, ही अट घातली. कळलं असतं तर त्यांनी गाडी जुंपून मला माहेरी धाडलं असतं. नाटकवाल्याशी बोलली म्हणून अशीच धाडलेली एक सून आमच्या भावकीत होती. तिला परत आणायला कुणी गेलं नाही.

अडचण माझ्या उजव्या हातावर होती. माहेरी, कमठाण्याला, गोंदणारीनं मोर काढायला घेतला होता आणि त्याची कोंबडी झाली होती. सगळी गल्ली त्या कोंबडीवरून मला हसायची. अण्णांनी तिच्यावर ओलं पीठ थापलं. सासरे शेतात गेल्यावर परसात मला जात्यावर बसवलं आणि दांडा फिरवायला लागले. मी घामाघूम झाले. मध्येच जात्याचा खुंटा निसटला. मी तो चरफडत ठोकून बसवला आणि पुन्हा दळायला लागले. नेमकी तेव्हा त्यांनी फीत घातलेली होती. हातावरचं पीठ तोवर गळून गेलं होतं.

फीत धुऊन आली तेव्हा अण्णांनी ती सासूबाईंपुढे उन्हात धरली. नखाएवढी चित्रं. प्रत्येकात माझा हात, प्रत्येकात कोंबडी.

"कापून टाक," सासूबाई म्हणाल्या.

"हे कापलं तर उरतंय काय, अक्का? बाकी सगळं नाटक हाय." अण्णांनी फीत गुंडाळली. मग म्हणाले, "कापणार न्हाई. पर कल्याणीत हे कुणाला दिसणार बी न्हाई."

पट पुरा होईपर्यंत गुलबर्ग्यात बोलपट आले. मुका पट कोण घेणार? अण्णांनी दाखवायचं यंत्र बैलगाडीत घातलं आणि स्वतःच गावोगाव निघाले. भर दुपारी एखाद्या गोदामाची दारं लावून अंधार करायचा, फटीतून आरशानं यंत्रात ऊन पाडायचं, एका हातानं यंत्र फिरवायचं आणि सगळ्यांची बोलणी आपणच बोलायची. कल्याणीत मराठी, आळंदकडे कानडी, बिदरला दखनी. कानडीत त्यांची सासू जास्त खाष्ट व्हायची आणि दखनीत सासरा उगीचच विनोदी.

कल्याणीत एका अडत्यानं गोदाम दिलं. सारं गाव लोटलं. पहिल्या रांगेत माझे सासरे. आम्ही बायका मागे, चटईच्या आडोशाला. जात्याची वेळ आली तसा अण्णांनी डावा तळहात भिंगापुढे धरला. पडदा काळा झाला. उजवा हात दांडा फिरवतच होता, कारण यंत्र थांबलं तर फीत पेटते. आणि अंधारात ते तोंडानं जात्याची घरघर काढत होते.

लोक आधी हसले. मग शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी म्हणालं, तोंडानं दळायलेत, आता भाकरी बी तोंडानंच भाजा. अडत्या उठला. झाकलेलं दाखवा, न्हाई तर उद्यापासून गोदाम बंद, असं त्यानं सर्वांसमोर बजावलं. सासरेही दरडावू लागले. मी उजवा हात पदराखाली घट्ट धरून बसले होते. अण्णांनी नुसता तळहात बाजूला केला असता तर त्यांचं भागलं असतं. सहा वर्षं आरसे धरलेला माणूस, स्वतःचं गाव, स्वतःचा पट. त्यांनी तळहात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गोदामात भुईमुगाची पोती पडली. कल्याणीत तो पट पुन्हा लागला नाही. पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना दळण आणून देऊ का, असं विचारायचे. अण्णा म्हणायचे, "आणा, पर निवडून आणा."

पुढच्या उन्हाळ्यात मी थोरल्या बहिणीकडे निंबर्ग्याला गेले होते, तेव्हा त्यांची गाडी तिथं आली. तिथं बहिणीखेरीज मला ओळखणारं कुणी नव्हतं. अण्णांनी काही झाकलं नाही. बैलाएवढे माझे हात पडद्यावर आले. खुंटा निसटला, ठोकून बसवला, पुन्हा जातं फिरलं. जन्मभर दळलं, पण मी दळते कशी ते तेव्हा पाहिलं. शेजारची बाई कानडीत म्हणाली, ही खरंच दळणारी आहे. बहिणीनं कोंबडी ओळखली आणि तोंड उघडलं. मी तिला चिमटा काढून गप्प केलं.

बाहेर पडताना अण्णांनी मला पाहिलं. "दिसलं?" एवढंच विचारलं. दिसलं, म्हटलं.

निजामाचं राज्य जायच्या गडबडीच्या सालात पुष्कळ घरं सोलापूरकडे गेली. अण्णाही निघाले. जाण्याआधी सासऱ्यांच्या पाया पडायला आले. सासूबाई तोवर वारल्या होत्या. मी अण्णांना पाण्याचा तांब्या दिला.

"जायलास तर खरं सांगून जा," सासरे म्हणाले. "त्या दिवशी काय झाकलं होतंस?"

अण्णा सगळं पाणी प्यायले. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. हाताकडे पाहिलं नाही.

"पडदा तिथं फाटला होता, अप्पा. फाटका पडदा लोकायला कामून दाखवायचा?"

गाडी वळणाआड गेली. अण्णा पुन्हा आले नाहीत, आणि पटाचं काय झालं तेही कुणाला कळलं नाही. सासरे रस्त्यावरून आत वळले.

"खोटं बोलला," ते म्हणाले. "त्या दिवशी माझीच दोन नवी धोतरं नेली होती पडद्याला. तशीच धड परत आली."