समोरच्याला धरायला काहीतरी

बाईंचा आवाज वर्गात शिकवता शिकवता बसला असता तर निदान त्याचं कौतुक तरी झालं असतं. तो गेला ऑपरेशनच्या टेबलावर. घशातली गाठ काढताना आवाजाची नस दुखावली. गाठ साधी निघाली म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि बाईंच्या गळ्यातून आता नुसती घोगरी हवा बाहेर पडते याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

ज्या बाई दारात उभ्या राहिल्या की अख्खा व्हरांडा चिडीचूप व्हायचा, त्यांना शाळेनं नकाशे आणि खडूंच्या खोलीत बसवलं. मुलं खडू न्यायला यायची आणि हातवारे करत, मोठमोठ्यानं, शब्द तोडून तोडून बोलायची. ‘अरे, कान शाबूत आहेत माझे!’ असं एकदा खणखणीत ओरडून सांगावं असं बाईंना फार वाटे. नेमकं तेच जमत नव्हतं.

घरी धाकटा भाऊ आणि वहिनी. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्या भावाकडेच राहायच्या. वहिनी घरी शिवणकाम करायची, लोकांच्या पँटी आखूड कर, पडद्यांना अस्तर लाव, असलं. वहिनीला बोलायला माणूस लागायचं आणि बाईंना उत्तर देता येत नव्हतं. सुरुवातीला दोघींना अवघड गेलं, मग वहिनी मशीनशी बोलायला लागली आणि बाई फोनमध्ये डोकं घालून बसायला लागल्या.

फोनमध्ये एक गाव होतं. तीसेक माणसं मिळून ते लिहीत होती. रोलप्ले म्हणतात त्याला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, आपल्या पात्रानं काय केलं, काय म्हटलं ते चार ओळींत लिहून टाकायचं, मग पुढच्यानं आपलं लिहायचं. ना चेहरा, ना आवाज, ना खरं नाव. गाव डोंगरावरचं, पाणी आटलेलं, खाली उतरायची वाट दरड कोसळून बंद झालेली. बाईंनी सुईण घेतली आणि तिला भयंकर बडबडी केली. गावात कुणाला उसंत म्हणून मिळू देत नसे ती. इतकं बोलून घेतल्यावर बाईंना रात्री झोप चांगली लागे.

पण लोक लिहायचे भयंकर. ‘मी त्याला थोबाडीत मारली आणि तो रडत खाली पडला,’ असं कुणीतरी बिनधास्त लिहून मोकळा व्हायचा. ज्याला मारली तो बिचारा घरी बसून म्हणायचा, मी कधी पडलो? बाईंना राहवेना. त्यांनी हळूच एकदोघांना समजावलं, मग चौघांनी विचारलं, आणि बघता बघता दर रविवारी सकाळी ग्रुपमध्ये बाईंचा वर्ग भरायला लागला. ‘दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. आपण हात उगारायचा, लागला की नाही ते त्याला ठरवू द्यायचं.’ ‘दुःख झालं असं लिहू नका. दुःख झालं तेव्हा हात काय करत होते ते लिहा.’ आणि सगळ्यात लाडका नियम: ‘लिहिणं थांबवताना समोरच्याला धरायला काहीतरी ठेवा. एखादा प्रश्न, अर्धवट उघडं दार, काहीही. नाहीतर पुढचा माणूस येणार कुठून?’

लोक चुका करायचे, बाई दुरुस्त करायच्या. त्यांच्या अंगात पुन्हा जीव आल्यासारखं झालं. तिथं त्यांना सगळे ‘बाई’च म्हणायचे. त्यांना आवाज नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

या वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे विहिरीवाला. गावासाठी विहीर खणणारं पात्र त्यानं घेतलं होतं. इतरांना चार पानांत जमत नसे ते हा दोन ओळींत करायचा. त्याच्या गोष्टीत एक भाऊ होता. दोघं मिळून विहीर खणायचे, आणि एक दिवस भाऊ खाली उतरत असताना याच्या हातून दोरी सुटली. हे नुसतं उल्लेखात यायचं. तो प्रसंग म्हणून त्यानं कधी लिहिला नाही. एकदा त्यानं बाईंना वेगळा मेसेज केला, ‘बाई, फोनवर बोलता येईल का? मला काही विचारायचंय,’ आणि खाली नंबर दिला. बाईंनी कितीतरी वेळ त्या नंबरकडे पाहिलं. मग लिहिलं, ‘सध्या वेळ नाही रे. इथंच विचार.’ त्यानं काही विचारलं नाही.

पुढच्या वर्गात बाईंनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, ‘तू नेहमी त्या दोरीच्या भोवती फिरतोस. एकदा आत उतर. दोरी सुटताना हाताला काय वाटलं ते लिही. त्याशिवाय हे पात्र उभं राहायचं नाही.’

त्यानं लिहिलं. तळव्याची कातडी, ओली दोरी, आणि ती एकदम हलकी झाली तेव्हाचं ते हलकेपण. बाईंना स्वतःचा अभिमान वाटला. ‘आता जमलं!’ असं त्यांनी उद्गारचिन्हासकट लिहिलं.

मग आठवडाभर विहिरीवाला आला नाही, आणि रविवारी दुपारी आला. वहिनी मशीनवर बसली होती, भाऊ कामावर होता, बाई जेवून खिडकीशी बसल्या होत्या. त्यानं लिहिलं होतं की विहीर खणणारा हत्यारं पुसून ठेवतो, शेजारणीची घागर तिच्या दारात नेऊन ठेवतो, भावाचा सदरा घडी करतो, आणि विहिरीत उतरतो. दोरी वर बांधत नाही.

लोकांनी धडाधड शाबासकी द्यायला सुरुवात केली. कुणी रडकं तोंड पाठवलं, कुणी टाळ्या. बाईंनीही मास्तरकीच्या सवयीनं ते पुन्हा वाचलं. एक शब्द खटकला नाही. आणि तिसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. या पोरानं आजवर एकही ओळ अशी सोडली नव्हती की पुढच्याला धरता येऊ नये. यात काहीच नव्हतं. सगळं आवरून, पुसून, घडी करून ठेवलेलं होतं. कुणी पुढं यावं म्हणून त्यानं एवढीशी फट ठेवली नव्हती.

त्यांनी सुईणीकडून लिहिलं, ‘अरे थांब, मी येतेय.’ उत्तर नाही. वेगळा मेसेज केला, ‘बाळा, हे गोष्टीतलं आहे की खरं?’ बऱ्याच वेळानं आलं, ‘तुम्हीच म्हणालात ना बाई, आत उतर.’ त्यानंतर काही नाही.

बाईंनी जुना मेसेज शोधून नंबर लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. बाईंनी तोंड उघडलं, सगळा जीव गळ्यात आणला, आणि गळ्यातून नुसती हवा निघाली. पलीकडून फोन ठेवला गेला. पुन्हा लावला. पुन्हा तेच, खरखर, आणि फोन बंद.

त्या धावत मशीनपाशी गेल्या आणि वहिनीचा दंड धरला.

“अहो वन्सं, सुई आहे! बोट जाईल माझं!” वहिनी ओरडली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. “काय झालं?”

बाईंनी फोनवर लिहून दाखवलं. अक्षरं चुकत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चुकीचं लिहिलं आणि सुधारलं नाही. वहिनीनं वाचलं.

“हा तुमचा तो खेळ ना? अहो, कुणीतरी चेष्टा करत असेल.”

बाईंनी नाही नाही अशी जोरजोरात मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. वहिनीनं पायडलवरचा पाय काढला. “बरं. लावा नंबर. मी काय बोलू?”

बाईंनी भावाचा टॅबलेट ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. फोन उचलला गेला. वहिनी शाळेतल्या पोरासारखी वाचायला लागली, “नमस्कार. मी बाईंच्या वतीनं बोलते आहे. तुझ्या मनावर किती मोठं ओझं आहे, याची मला कल्पना आहे. परंतु…”

“कोण बोलतंय?” पलीकडचा आवाज बारीक, थकलेला होता. “तुम्ही हे वाचून दाखवताय का?”

वहिनीनं फोनवर हात ठेवला. “अहो, मुलगा कुठला? बाईमाणूस आहे ही!”

बाई बघतच राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांना एवढंही ठाऊक नव्हतं.

“ठेवते मी,” पलीकडून आवाज आला.

वहिनीनं टॅबलेट बाजूला सारला. “ठेवू नकोस. हो, वाचूनच दाखवत होते. माझ्या नणंदेनं लिहून दिलंय. त्यांचा आवाज गेलाय, घशाच्या ऑपरेशनमध्ये. मघाशी तुला फोन केला तो त्यांनीच. त्या इथं माझ्या पुढ्यात बसून रडतायत, आणि मला तुमच्या त्या विहिरीतलं काही कळत नाही. तू जेवलीस का आज?”

“भूक नाही.”

“जेवली नाहीस. काल?”

“आठवत नाही.”

“घरात कोण आहे?”

“कुणी नाही. ताई होती. गाडी मी चालवत होते.”

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वहिनीचाही चेहरा उतरला, पण आवाज तसाच राहिला, पँट किती इंच आखूड करायची ते गिऱ्हाइकाला विचारावं तसा. “ऐक. मी तुला शहाणपण शिकवणार नाही, मला ते येतही नाही. तू फक्त ऊठ. दाराची कडी काढ. फोन हातातच ठेव. काढलीस?”

“नाही.”

“मग काढ. मी थांबते. मला आज दुसरं काही काम नाही.” मशीनवर चार गिऱ्हाइकांचे कपडे पडले होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वहिनी बोलत राहिली, मशीनची बॉबिन कशी अडकते, सकाळी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण कसं सापडत नव्हतं, काहीही. पलीकडून कधी हुंदका, कधी काहीच नाही. बाईंचा जीव त्या ‘काहीच नाही’त टांगलेला होता. शेवटी कडीचा आवाज आला. “आता शेजारचं दार वाजव. कोण राहतं तिथं?” “एक काकू.” “मला काकूंशी बोलायचंय.” काकू आल्या, घाबरल्या, मग सावरल्या. वहिनीनं त्यांना सगळं सांगितलं, तिला एकटी सोडू नका म्हणून बजावलं, गावात नातेवाईक कोण ते विचारून घेतलं. एक मावशी असल्याचं कळलं, काकूंनी तिला बोलावलं. मावशी आणि काकू मुलीला दवाखान्यात घेऊन गेल्या, तिथं तिला ठेवून घेतलं.

फोन ठेवल्यावर वहिनी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “वन्सं, असलं काही शिकवता तुम्ही त्यात?”

बाईंनी तिच्यापुढे पाणी आणून ठेवलं.

त्यांनी वर्ग बंद केला. ग्रुपमधल्या लोकांनी फार विनवण्या केल्या, त्यांना कारण कळलं नाही. बाईंनी एवढंच लिहिलं की तब्येत बरी नाही. रविवारची सकाळ आली की त्या खिडकीशी बसायच्या, आणि ‘आता जमलं!’ हे शब्द त्यांच्यासमोर जसेच्या तसे उभे राहायचे. शाळेत इतकी वर्षं निबंध तपासले, पण पानापलीकडचं मूल कधी विचारात घेतलं का, या प्रश्नानं त्यांना कुरतडून काढलं. जेवण सुटलं. भाऊ म्हणाला, “ताई, तुझ्यामुळे वाचलीच ना ती?” ते त्यांना पटलं नाही. आधी ढकललं कुणी, हे त्यांना ठाऊक होतं.

वहिनीनं मात्र फोन सोडला नाही. मुलगी दवाखान्यातून मावशीकडे गेली, तिथंही वहिनीचा फोन जायचा. दोघी काय बोलायच्या? भाजी नासली, मावशी फार घोरते, असलंच. बाई भिंतीला टेकून ऐकायच्या. मुलीनं त्यांचं नाव कधी काढलं नाही आणि वहिनीनंही ते मध्ये आणलं नाही.

एकदा फोन मोठ्या आवाजावर होता, कारण वहिनी दोन्ही हातांनी पडद्याची झालर लावत होती. मध्येच मुलगी म्हणाली, “त्या तिथं आहेत का?”

वहिनीनं मान वर केली. बाई उठून आत जायला निघाल्या होत्या. वहिनीनं त्यांच्याकडे पाहत सांगितलं, “आहेत. ऐकतायत.”

“मी त्यांच्यावर अजून रागावलेय.”

“रागाव की.”

“लिहिणार नाही मी परत कधी.”

“नको लिहूस. कुणी सांगितलंय?”

बाई दारातच थांबल्या. त्यांना फोनपाशी जायचं होतं, आणि काय करायचं ते कळत नव्हतं. मग त्या आल्या, वहिनीशेजारी जमिनीवर बसल्या, आणि त्या घोगऱ्या हवेतून, एकेक अक्षर ओढून काढत म्हणाल्या, “रागाव.”

मुलीनं फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं वहिनीनं दोरा तोडला आणि मावशीच्या घोरण्याचं काय झालं ते विचारलं.