चोरीच्या कॉइनवर रुमाल नाई

माझा बाप बैलबाजारात दलाल होता. मी सिंदी मेघेत मोबाइल दुरुस्त करतो. अन् मूर्खपणा कसा करायचा, हे मले कोणी शिकवाले लागलं नाई.

माझी बायको घरी बसून कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठाची डिझाइनं काढते. परदेशातली एक बाई ती विकत घेते अन् मोबदला क्रिप्टो कॉइनमधी देते. तीन वर्षांचे कॉइन जमले होते. त्यातून सेलूजवळ माहेरच्या वावरात शेडनेट टाकायचं, मिरची-वांग्याची रोपं विकायची, असं तिचं पक्कं ठरलं होतं. कॉइन मातर माझ्या मोबाइलात होते, कारण 'यातलं तुले नाई समजत' असं मीच म्हणलं होतं. मोठा आला शहाणा!

जिल्ह्यातल्या कॉइनवाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे. एका नव्या नंबरानं त्यावर ॲपची लिंक टाकली. मी उघडली, अन् ज्या बारा शब्दांनी कॉइनचं खातं उघडते, तेच शब्द त्यात टाकून बसलो. मंग गिऱ्हाइकाच्या मोबाइलले काच बसवून दिली, पुन्हा पाह्यतो तं सगळे कॉइन साफ.

घरी सांगतलं. बायको भांडली असती तं बरं झालं असतं. तिनं चहा ठेवला, मले दिला, स्वतः नाई घेतला. 'शेडनेटवाल्याले आता काय सांगू?' एवढंच म्हणली.

सायबर पोलिसात तक्रार दिली. त्याईनं नीट लिहून घेतली, पण वेळ लागन म्हणाले. कॉइनची एक गोष्ट बरी असते, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला हे कोणालेही पाहता येते. आमचे कॉइन चोराच्या खात्यात बसलेले मले दिसून राह्यले होते, फक्त हात लावता येत नव्हता. असा संताप आला का विचारू नका!

तवा बापाचा बाजार आठवला. बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नसत. दोघं रुमालाखाली हात घालत अन् बोटं दाबून भाव ठरवत. बैल चोरीचा आहे असं कानावर आलं का कोणताच दलाल त्याच्यासाठी रुमाल टाकत नसे. कोणाचा हुकूम नाई, दंड नाई. चोर दिवसभर दोर धरून उभा राहे अन् बैल घेऊन आल्या वाटेनं वापस जाय.

मोठ्या कंपन्या कॉइन विकाले कागदपत्रं मागतात. म्हणजे हा चोर नगदीचं गिऱ्हाईक पाहणार, अन् ते आपल्याच भागात, कारण लिंक त्यानं आपल्याच ग्रुपवर टाकली होती. मी ग्रुपवर लिहिलं, 'हे माझ्या बायकोच्या मेहनतीचे कॉइन. हा चोराच्या खात्याचा पत्ता. जबरदस्ती कोणावर नाई. पण घ्यायच्या आधी कॉइन कुठून आला ते पाहा, अन् यावर रुमाल टाकू नका.'

एकानं लगेच टिंगल केली, 'कॉइनले काय शिंगं असतात का भाऊ ओळखाले?' पण त्यानंच तो मेसेज नागपूरच्या तीन ग्रुपांवर पाठवला.

आठव्या दिवशी सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याचा फोन आला. तोही ग्रुपमधला, पण भेट कधी नाई. 'भाऊ, तुमचे कॉइन कोणीतरी मले देऊन राह्यला. रुपयामागं चार आणे कमी.'

माझा जीव टांगणीला. 'मंग?'

'मंग काय, नाई म्हणलं. खोटं काऊन बोलू, दोन घंटे मन डोललं माझं.'

त्याच्यानंतर आणखी तिघांनी नाई म्हणलं. अन् एक दिवस अनोळखी नंबरावरून मेसेज आला. 'सगळीकडं बोंब मारून ठेवली तुमी. कॉइन वापस करतो, मेसेज काढा.' बायकोनं तवर आपल्या मोबाइलात नवं खातं उघडलं होतं. तिनं त्याचा पत्ता दिला अन् मले लिहाले लावलं, 'पहिले कॉइन, मंग मेसेज.'

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉइन आले. थोडे कमी होते, जाऊ द्या. बायको वांगे चिरता चिरता विळी सोडून उठली, अन् हसता हसता रडाले लागली. मीही रडलो, लाज कायची? बाप्पा, किती दिवसानं पोटभर जेवलो!

जेवण झाल्यावर त्या व्यापाऱ्याले फोन लावला. 'तुमचे उपकार,' म्हणलं.

'ते सोडा,' तो म्हणाला. 'माझ्या जागी तुमी असते, तं कॉइन कुठून आला ते पाह्यलं असतं का?'

स्पीकर चालू होता. बायको माह्याकडं पाहून राह्यली होती. दिवाळीत मले कॉइन असेच स्वस्त भेटले होते, अन् मी काईच न विचारता झटकन घेऊन दुसऱ्या खात्यात ठेवले होते.

'नाई पाह्यलं,' मी म्हणलं.

'मंग आता पाहा,' म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी पाहाले बसलो. एक खातं, त्याच्या मांगचं खातं, त्याच्याही मांगचं. शेवटचं खातं आमच्याच ग्रुपातल्या एका सरळ दुकानदाराचं निघालं, चोरीची कुठं नोंद नव्हती. कॉइन चोख निघाले. निव्वळ नशीब, माझी काई करामत नाई. पण खरं सांगतो, बायकोचे कॉइन वापस आले तवाही एवढं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.