इंद्याचा पुढचा सीझन

स्टेडियमवरचा आवाज आधी खिडकीतून येतो, मग उशीतून, आणि मग शालनच्या कानातच कुठंतरी घोळत राहतो. झोप लागली आहे की नाही हे तिला नीट कळत नाही. पंख्याची घरघर ऐकू येते आहे, म्हणजे जागी असणार. पण आपले पाय कुठं आहेत ते तिला सापडत नाहीत.

रविवारची दुपार आहे. कोल्हापुरातला फुटबॉलचा सीझन संपत आला आहे आणि आज घोडेपीर तालमीच्या संघाची शेवटची मॅच आहे. अख्खी पेठ तिकडं लोटली आहे. गल्लीत चिटपाखरू नाही. शालन मात्र घरीच राहिली. सीझनभर तिनं एक मॅच चुकवली नव्हती. आज जेवून भांडी आवरली, ओट्यावर फडकं फिरवलं आणि कॉटवर आडवी झाली. इंद्याच नाही, तर जायचं कुणासाठी?

इंद्या म्हणजे इंद्रजित साळोखे, तालमीचा मधल्या फळीतला पोरगा. पुढच्यांना चेंडू वाटून द्यायचं काम त्याचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून पेठेनं त्याला डोक्यावर घेतलेलं. चेंडू पायाशी यायच्या आधीच तो मान वर करून बघतो, असं शालनचा नवरा दिनकर सांगायचा. "पायानं खेळणारी पोरं पेठेत पोत्यानं हाईत. ह्यो डोळ्यानं खेळतोय." दिनकर उद्यमनगरात लेथवर काम करायचा, लोखंडाखेरीज दुसरं काही हातात धरलं नाही त्यानं, पण इंद्याचं नाव निघालं की त्याचा चेहरा देवळातून आल्यासारखा व्हायचा. अजून कच्चा आहे, म्हणायचा. अंगात भरू दे. दोन सीझन द्या त्याला, मग बघा.

दिनकर गेल्या श्रावणात गेला. सीझन सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

"जरा सरक की," दिनकर म्हणतो.

शालन सरकते. तो कॉटच्या कडेला टेकतो. अंगावर कामावरचा निळा शर्ट आहे, धुऊन धुऊन विटलेला. तो आला म्हणून तिला काही नवल वाटत नाही. फक्त आपण डोक्यावरचा पदर सारखा केला नाही, एवढंच मनात येतं.

"जेवलासा का?" ती विचारते.

"जेवायचं र्‍हाऊ दे. मॅच सुरू झाली न्हवं?"

"झाली असंल."

"मग तू हितं काय करतीस? इंद्या सुरुवातीपासनं हाय का बदली?"

चहा टाकतो म्हणून ती उठते. ओट्यापाशी जाते, शेगडी पेटवायला जाते, तर बटण फिरतं आणि नुसतं फिरतच राहतं. गॅसचा वास नाही, जाळ नाही. मागं वळते तर दिनकर सिमेंटच्या पायरीवर बसला आहे. पायरीखाली दुसरी पायरी, तिच्याखाली तिसरी, आणि पार खाली हिरवं मैदान. स्वयंपाकघराची भिंत होती तिथं आता स्टेडियमची गॅलरी आहे. ओटा आहे तिथंच आहे.

"बस हितं," दिनकर शेजारची जागा हातानं झाडतो. "सांग. कसा खेळतोय पोरगा?"

"बरा खेळतोय."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा. मला काय कळतंय त्यातलं?"

"सीझनभर जाऊन बी कळंना व्हय?"

हे याला कुणी सांगितलं, असं तिच्या मनात येतं. हा असताना ती एकदाही स्टेडियमवर गेली नव्हती. बायका फारशा जात नाहीत, आणि तिला तो आरडाओरडा सोसायचा नाही. तो गेल्यावर पहिल्या मॅचला तालमीतली पोरं दिनकरच्या नेहमीच्या जागेवर फुलं ठेवणार होती, म्हणून ती गेली. फुलं ठेवून झाली, पोरं आपापल्या जागी पांगली, आणि ती तिथंच बसून राहिली. पुढच्या मॅचला कुणी बोलावलं नाही तरी गेली. कुणी काही विचारलं नाही. दिनकरची जागा तिची झाली.

"गेलतो मी," ती कबूल करते. "दर मॅचला."

"मग? डोळ्यानं खेळतोय का न्हाई?"

मैदानावर कुणी नाही. गवतातून झळ वर चढते आहे, उन्हाळ्यात डांबरावरून चढते तशी. शालन तिकडं बघत राहते. सांगावं की नाही, याचा तिच्या मनात निवाडा होत नाही.

खरं तर सांगायला फारसं काही नाही. इंद्याचा पाय मोडला नाही, गुडघा गेला नाही, कुणी त्याच्यावर अन्याय केला नाही. तसं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. पहिल्या मॅचला तो सुरुवातीपासून होता. चेंडू आला, त्यानं मान वर केली, बघितलं, आणि बघतच राहिला. तेवढ्यात समोरच्यानं चेंडू काढून नेला. दुसर्‍या मॅचलाही तेच. तिसर्‍या मॅचला मागून कुणीतरी ओरडलं, "दमानं घ्या, पोरगं शिकतंय." चौथ्या मॅचला तोच आवाज आईबहिणीवर आला. मग इंद्या बदली खेळाडूंत बसू लागला, आणि शेवटी तिथंही दिसेना. चौकात त्याचा मोठा फलक लावला होता, पेठेचं उद्याचं सोनं म्हणून. तो कुणी फाडला नाही. त्याच्यावर शिवजयंतीच्या वर्गणीचा लागला, एवढंच.

"कोपर्‍यातल्या खाटेवरचा पेशंट कुणाचा?" कुणीतरी विचारतं.

गॅलरीच्या पायर्‍यांवर खाटा मांडल्या आहेत. एकेका पायरीवर एकेक, वरपासून खालपर्यंत. पांढर्‍या चादरी. सलाईनच्या बाटल्या गोलपोस्टच्या खांबाला टांगल्या आहेत. दिनकर कोपर्‍यातल्या खाटेवर पडला आहे, शेवटच्या दिवसांत होता तसा, गाल आत गेलेले, हातावर सुयांचे निळे डाग. शालन खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आहे. हे स्टूल तिच्या ओळखीचं आहे. त्याचा एक पाय आखूड होता, आताही आहे.

"आमचा आहे," ती म्हणते. "आमचा माणूस."

विचारणारी नर्स पुढं निघून जाते. तिच्या गळ्यात शिट्टी आहे.

"डॉक्टर येऊन गेले का?" दिनकर विचारतो.

"येऊन गेले."

"काय म्हणाले?"

ते काय म्हणाले होते ते शालनला पाठ आहे. बाहेर बोलावून म्हणाले होते. आत आल्यावर तिनं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. आणि मग संध्याकाळच्या राउंडला दिनकर स्वतःच हसून डॉक्टरांना म्हणाला होता, "साहेब, पुढच्या सीझनपर्यंत मला उभा करा. आमचं एक पोरगं हाय, त्याचा सीझन बघायचाय." डॉक्टर पण हसले होते. कुठल्या तालमीचा, म्हणून चौकशी केली होती. त्या रात्री शालन घरी आली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. ज्याला पुढचा सीझन बघायचा आहे तो माणूस असा कसा जाईल, असं तिला वाटलं होतं.

"इंद्याला काढलं," ती म्हणते.

दिनकर तिच्याकडं बघतो.

"संघातनं काढलं त्याला. त्याचा पाय बरा आहे, सगळं बरं आहे. पण तुम्ही म्हणत होतासा तसं काय झालं न्हाई. त्याला दिसतंय सगळं, पण पायात उतरत न्हाई. आता तो मामाच्या दुकानात बसतोय. परवा मीच त्याच्याकडनं पत्र्याचे खिळे आणले. वजन करताना त्यानं मान वर केली न्हाई."

सांगून झाल्यावर ती मांडीवर हात घट्ट दाबून बसते. आता हा काय म्हणेल ते तिला माहीत आहे. अजून वय काय त्याचं, म्हणेल. दोन सीझन द्या, म्हणेल. याच्या आधीच्या पोरांच्या वेळीही हेच म्हणाला होता. त्यातला एक आता रिक्षा चालवतो आणि दुसरा कागलला कारखान्यात आहे. दोघांनाही बघून दिनकर न चुकता हात वर करायचा.

पण दिनकर तसं काही म्हणत नाही. तो सुयांच्या डागांवरून अंगठा फिरवत राहतो.

"मला ठाऊक होतं," तो म्हणतो.

"काय ठाऊक होतं?"

"मागच्या सीझनलाच कळलं होतं. ह्यो न्हाई व्हायचा. लेथवर बसल्या बसल्या हाताला कळतं, ह्या लोखंडात चीर हाय. बाहेरनं दिसत न्हाई. तसंच."

शालनला वाटतं, आपण नीट ऐकलं नाही. वरच्या पायरीवर कुणीतरी खोकतं. ते थांबेपर्यंत ती थांबते.

"मग डॉक्टरांना तसं का म्हणालासा? मला रोज का सांगत होतासा, पुढच्या सीझनला बघ म्हणून?"

"मग काय सांगायला पाहिजे होतं?"

ती स्टुलाचा आखूड पाय जमिनीला टेकवून बघते.

"तू रोज डबा घेऊन यायचीस आन् ह्या स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडं बघायचीस," दिनकर म्हणतो. त्याच्या आवाजात राग नाही, लोभही नाही. "काहीतरी बोलायला लागायचं. मरायचं सोडून दुसरं जे सुचलं ते बोललो."

"मी जात राहिलो," शालन म्हणते. तिचा आवाज तिलाच लांबून येतो. "थंडीत गेलो, उन्हात गेलो. मला वाटायचं, ते पोरगं एकदा चाललं, एकदा त्यानं तुम्ही म्हणत होतासा तसा चेंडू दिला, की मग..."

"की मग काय?"

ते तिनं आजवर स्वतःलाही सांगितलेलं नाही. आता तोंडाशी आलं आहे तर ते इतकं खुळ्यासारखं आहे की तिला लाज वाटते. तरी ती सांगते.

"की मग तुम्ही यालासा."

दिनकर उठून बसतो. हाताला लावलेली नळी आपल्या आपण सुटते.

"तसं नसतंय गं," तो म्हणतो. लहान पोराला सांगावं तसं म्हणतो. "इंद्या लई मोठा झाला असता, तरी तसं नसतंय."

शिट्टी वाजते. भेटायची वेळ संपली, असं नर्स सांगते आहे. किंवा मॅच संपली आहे. खाटा नाहीत, सलाईन नाही, मोकळी गॅलरी आहे आणि ऊन सगळ्या पायर्‍यांवर सारखं पसरलं आहे. दिनकर खाली उतरतो आहे. आता तो पेशंट नाही, निळ्या शर्टातला माणूस आहे आणि भराभरा उतरतो आहे. शालन त्याच्या मागं जाते. तिला पायर्‍या उतरायला वेळ लागतो. ती खाली पोचेपर्यंत मधे तारेची जाळी आहे आणि तो जाळीच्या पलीकडं गवतावर आहे.

"अहो, थांबा की."

तो थांबतो. वळतो. मान वर करून तिच्याकडं बघतो. पुढं काय होणार हे आधीच दिसलेल्या माणसासारखा बघतो.

"मी पण येतो," ती म्हणते.

"हिकडनं दार न्हाई."

"मग तुम्ही कसं गेलासा?"

ती दोन्ही हातांनी जाळी धरते. हलवते. जाळी जागची हलत नाही, नुसती खणखणते. तो खणखणाट गॅलरीभर फिरतो आणि माघारी येतो.

"पुढच्या सीझनला?" शालन विचारते. आपण काय विचारतो आहोत ते तिला कळतं, तरी विचारते. "पुढच्या सीझनला तरी याल का?"

एवढ्यापुरतं तो खोटं बोलू शकला असता. आयुष्यभर या एका बाबतीत तो खोटंच बोलत आला. शालन जाळीला कपाळ लावून वाट बघते.

"न्हाई," दिनकर म्हणतो, आणि मैदानातून चालू लागतो. ती जाळी धरून, सगळं बळ लावून धरून, तो दिसेनासा होईपर्यंत बघते.

पंख्याची घरघर ऐकू येते. उशी घामानं ओली आहे. खिडकीत ऊन उतरलं आहे आणि गल्लीत माणसं परतू लागली आहेत. चपला घासत, न बोलता चालली आहेत, त्यावरून तालीम हरली हे कळतं. शालन पडल्या पडल्या ऐकते. खिडकीखालून जाताना एक म्हातारा आवाज दुसर्‍याला सांगतो, "ते डावीकडनं खेळलेलं पोरगं बघितलंस? कच्चं हाय. पण दोन सीझन द्या त्याला."

पावलं लांब जातात.

ती उठते. एका माणसाची भाकरी करायला फार वेळ लागत नाही, पण दुसरं करण्यासारखंही काही नाही. परातीत पीठ घेते, पाणी घालते आणि हात पुढं करते, तेव्हा तिला दिसतं. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या पेरांवर, चौकोनाला चौकोन लागून जाळीचे व्रण उठले आहेत. खोल, लालभडक. आणि त्या रेघांमधे ओला तांबूस गंज भरला आहे.

घरात तारेची जाळी नाही. कॉट लाकडी आहे. आज ती उंबर्‍याबाहेर पडलेली नाही.

ती हात नाकाशी नेते. लोखंडाचा वास येतो. नळ हाताशी आहे, पण ती तो सोडत नाही. थोडा वेळ तशीच उभी राहते, मग पिठात हात घालते आणि मळू लागते. तळवे झोंबतात. मळून होतं तेव्हा गोळा फिकट तांबूस झालेला असतो. ती त्याची भाकरी थापते, तव्यावर टाकते, आणि ती शेकून झाल्यावर, अजून उजेड असतानाच, एकटी जेवायला बसते.