एक तरी बंदी सापडू दे

आफ्रिकेत शिकारीला जायचं ठरलं ते आमगावच्या पानठेल्यावर. माझा लहानपणापासूनचा मित्र, राइस मिलवाला, म्हणाला, "मास्तर, तिकडं लायसन काढून हरीण मारता येते म्हणतात. येतो का? का वहिनीले विचारा लागन?" चार माणसं हसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "विचारायचं काय त्यात? मी तयार!"

झालं! ज्यानं जन्मात कोंबडी कापली नाही, बोदलकशाच्या तलावातली मासोळी पिशवीत तडफडली तर ज्याची बायको म्हणते, "तुमी अंदर जा जी," तो मी निघालो शिकारीला.

त्यात मी इंग्रजीचा रिटायर्ड मास्तर, म्हणून तिथले शिकारीचे नियम वाचून समजावून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात. मी वाचायला बसलो ते एकच आशा धरून: एक तरी बंदी सापडू दे. वयाची, चष्म्याची, कशाचीही. पण कायदा कसला गोड! परवाना? सहल नेणारेच काढून देतात. बंदूक? तिथं भाड्यानं मिळते. जंगल माहीत नाही? सोबत तिथला नोंदणी झालेला शिकारी असतोच. मग एक ओळ मी चष्मा पुसून दोनदा वाचली. प्राणी नुसता जखमी झाला तरी तो मारल्यासारखाच तुमच्या नावावर, आणि रक्ताच्या मागावर जाऊन त्याला शोधायचं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "सरळ नाही म्हणून सांगा ना. कायले जीव जाळून राहिले?" पण मग पानठेल्यावर तोंड कसं दाखवायचं?

शेवटी मी आपल्या देशाचे नियम उघडले, आणि सापडली एकदाची! वन्य प्राण्याचं शिंग, कातडं, काहीही सामानातून भारतात आणायला बंदी. मित्राला तर शिंगं मिलच्या ऑफिसात खुर्चीमागं लावायची होती. मी जवळजवळ पळतच मिलवर गेलो आणि जमेल तेवढं तोंड पाडून त्याला सांगितलं.

"शिंगं नाही आणता येत?" तो म्हणाला. "मंग जायचं कायले? कॅन्सल!"

हुश्श! मी मोठ्यानं "अरेरे" म्हटलं. त्यानं लगेच फोन करून आलूबोंडे मागवले. रद्द झालेल्या सहलीची पार्टी कोणी देतं का? खाता खाता त्यानं विचारलं, "मास्तर, कायदा पक्का आहे ना? एवढ्यात बदलणार तर नाही?"

"पक्का. काऊन?"

त्यानं उठून दार लोटलं. "कोणाले सांगू नको. मी तं गंमत करून राहिलो होतो बे. तू फटकन हो म्हणाला, मी फसलो. रोज वाटे, मास्तर आज तरी नाही म्हणन, उद्या तरी नाही म्हणन."

मी हातातला बोंडा खाली ठेवला आणि त्याला एक सणसणीत शिवी हासडली. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.